मरून राह्यला

आसेगाव, ता. मंगरूळपीर
२ जुलै १९७६

दादा,

पंचफुलाचा जयभीम घे. पत्र फाडायच्या आधी एवढं पाहा, की ते शुद्ध मराठीत आहे. बा गेला त्या आठवड्यात उंबऱ्यात उभा राहून तू म्हणाला होतास, ‘आधी शुद्ध बोलायला शीक, मग मला पत्र लिही.’ साडेतीन वर्षं झाली. शिकले. बी.ए. झाले, मराठी घेऊन झाले, आणि आसेगावच्या शाळेत मास्तरीण लागले. आता दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना सांगत असते, ‘मले नाही बेटा, मला म्हण.’

शाळेत साताऱ्याकडचे एक नवे गुरुजी आलेत. परवा हजेरी घेताना त्यांनी विचारलं, गंगू कुठे आहे. पोरं म्हणाली, ‘थे येऊन राह्यली, गुरुजी.’ गुरुजी म्हणाले, येऊन राहिली तर दिसत का नाही, कुठे राहिली? गंगू तेव्हा नाल्यापलीकडून पळत येत होती. सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. का हसले नाही ते तुला सांगायला नको.

आता कामाचं. कॉलेजात शेवटच्या वर्षाला ललित लेखनाचा एक पेपर होता. बाकीच्या मुलींनी सोपा म्हणून घेतला, मीही तसाच घेतला, आणि त्या पेपरानं माझं डोकं फिरवलं. विद्यापीठानं आता त्याच विषयाचा दोन वर्षांचा पुढचा अभ्यासक्रम काढला आहे. सुट्ट्यांमध्ये शिबिराला जायचं, बाकी वर्षभर घरी बसून लिहायचं आणि टपालानं मार्गदर्शकाकडे पाठवायचं. शेवटी पुस्तकाएवढं लिखाण द्यायचं, त्यावर तोंडी परीक्षा, मग पदवी. नोकरी सोडायला नको, मायला एकटं टाकायला नको. मी नाव घातलं.

माय म्हणाली, ‘गोष्टी सांगाची पन पदवी भेटते काय वं? मंग आपल्या रंगूबाईले तर कवाच भेटाले पाह्यजे.’ गावभर गोष्टी सांगत फिरणारी शेजारची रंगूबाई तिथेच बसली होती. ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

तू उत्तर देणार नाहीस, ठाऊक आहे. नको देऊ. मी लिहिणार. तुझा हट्ट आणि माझा हट्ट एकाच घरातले आहेत.

तुझी, आता शुद्ध झालेली,
पंचफुला


चिखलदरा
२८ ऑक्टोबर १९७६

दादा,

शिबिराला आले आहे. थंडी अशी आहे की सकाळी बोटांत पेन धरवत नाही. माझ्या खोलीत अकोल्याची बेबीताई आहे, दवाखान्यात नर्स आहे आणि कविता करते. बाकी सगळे शहरांतले. जेवताना मी बोलले की दोघं-तिघं खाली पाहून हसतात. बेबीताई मला म्हणते, ‘हसू दे. त्यांच्या गोष्टीत कोणाला भूकसुद्धा लागत नाही.’

पहिल्याच दिवशी आमच्या मार्गदर्शक सरांनी फळ्यावर लिहिलं: ‘एक चूक. ती कोणाची, हे न सांगता लिहा.’ सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्याजवळ तर ती चूक तयार होती.

मी तार लिहिली. तुला ती कागदावर आली तेवढीच माहीत आहे, म्हणून आता सगळी सांगते. बाला निमोनिया झाला होता. डॉक्टर म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मी धावत तारघरात गेले. तिथला बाबू नवा होता, देशावरचा. म्हणाला, काय लिहू. मी म्हटलं, ‘लिवा, बा मरून राह्यला, लवकर ये.’ त्यानं मान वर केली. ‘मरून राहिला?’ मी म्हटलं, ‘हाव.’ त्या माणसाचा चेहरा उतरला. त्यानं मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, म्हणाला, ‘रडू नको, बाळ.’ आणि इंग्रजीत तार ठोकली. मला वाटलं, किती चांगला माणूस आहे. खरंच चांगला होता. त्याच्या मराठीत मरून राहिला म्हणजे मेला. आपल्या मराठीत मरून राह्यला म्हणजे अजून जिवंत आहे, धाव.

तुला पुण्यात मिळाली ती तार सांगत होती, वडील वारले. दुसऱ्या दिवशी तुझी खात्याची परीक्षा होती. तू विचार केलास, माती तर झालीच असेल, बाप काही परत येत नाही. पेपर दिलास आणि मग गाडीत बसलास. घरी पोचलास तेव्हा कळलं, की तू पेपर लिहीत होतास त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बा जिवंत होता आणि दाराकडे पाहत होता. तू माझ्या खांद्याला धरून हलवलंस आणि म्हणालास, ‘तुझ्या त्या राह्यलानं मला बापाचं तोंड दिसू दिलं नाही.’

हे सगळं लिहिलं, दादा. तुझं नाव घातलं नाही. सरांनी वर्गात वाचलं. खाली पाहून हसणारे हसले नाहीत. सर म्हणाले, ‘ही गोष्ट मोठी होईल. हिच्याभोवतीच तुमचं पुस्तक उभं करा.’

म्हणून तुला कळवलं. तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही मला. पण चूक माझी होती, असं मी लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही.

पंचफुला


आसेगाव
१९ फेब्रुवारी १९७७

दादा,

आमचा अभ्यास असा चालतो. मी दर महिन्याला पानं पाठवते आणि सर ती लाल करून परत पाठवतात. सर माणूस वाईट नाही. कुठे पाल्हाळ आहे, कुठे मी स्वतःच रडायला बसले आहे, तिथे बरोबर बोट ठेवतात. मी तीन-तीनदा लिहून काढते. माय म्हणते, ‘एवढ्या खेपा धुतलं तर लुगडंही फाटन.’

पण भाषेवरून आमची जुंपली आहे. लोकांच्या तोंडी वऱ्हाडी मी ठेवली, ते त्यांनी कसंबसं मान्य केलं. फक्त ‘बा मरून राह्यला’ पुढे दर वेळी लाल रेघ. समासात लिहितात, ‘वाचकाचा गोंधळ होतो. मरणासन्न आहे, असे करा.’ मी परत तेच लिहून पाठवते. मरणासन्न. आपल्या बाला कोणी मरणासन्न म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, हे कोणतं बियाणं.

खरी गोष्ट पुढेच आहे. परवा मी सगळी कथा मायला वाचून दाखवली. शेवटी मी बाला भिंतीकडे तोंड करून निजवलं होतं. पोरगा आला नाही म्हणून रुसलेला. माझ्या मनानं रचलं होतं, कारण त्या दुपारी मी औषधाला गेले होते आणि घरात फक्त माय होती. माय तांदूळ निवडत ऐकत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, ‘असा नाई झाला.’

म्हटलं, ‘मंग कसा झाला?’

‘त्वा त्याले भिताडाकडे काहून फिरवलं? थो रुसला नोयता. त्यानं मले इचारलं, इंद्रभान कुठी हाय? म्या सांगतलं, तार केली. तं मह्यावरच चिडला. म्हने, तार काहून केली? पोरगं पेपर देऊन राह्यलं असन. देऊ द्या त्याले.’

दादा, मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, ‘माय, हे इतके वर्षं तू सांगतलं काहून नाई?’

‘कोनाले सांगू? तुमी दोघं बहीनभाऊ भांडून राह्यले होते. मंग थो निंगून गेला. अन् तू तं कधी इचारलंच नाई, तू लिहून राह्यली होती.’

मला तिचा राग आला, तुझा आला, माझाही आला. मग मी कथेचा शेवट फाडून टाकला आणि बाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. सोबत कथा पाठवते. तिच्यात मी पुष्कळ काही रचलं आहे. घर मोठं केलं, तुला उंच केलं, पावसाळा नसताना आभाळ आणलं. हे एक वाक्य मात्र रचलेलं नाही. मायला विचार. ती खोटं बोलत नाही. बोलता आलं असतं तर रंगूबाईशी तिचं इतकं वाजलं नसतं.

पंचफुला


आसेगाव
८ जानेवारी १९७८

दादा,

वर्ष झालं, कथा पोचली का नाई हेही तू कळवलं नाई. मीही आता शुद्ध लिहिणं बंद करून राह्यली. तुले वाचाचं असन तं वाच, नाई तं ठेव तसंच. काहून बंद केलं, थे आयक.

पुस्तकाएवढं लिखान पुरं झालं. डिसेंबरात धाडून देल्लं. आता बाहेरचे परीक्षक थे तपासतात, मंग मे मईन्यात चिखलदऱ्याले तोंडी परीक्षा. सरांचं पत्र आलं. परीक्षकांनं अट घातली हाय. बाकी वऱ्हाडी चालन, म्हने, पन ‘मरून राह्यला’ अन् ‘पेपर देऊन राह्यलं असन’ हे व्याकरनाच्या दृष्टीनं चूक हाय. ‘मरत आहे’, ‘देत असेल’ असं करून पानं नव्यानं टाईप करून धाडा. नाई केलं तं भाषेच्या मुद्द्यावर नापास होऊ शकते. सरांनं मायेनं लिहिलं, ‘पंचफुलाबाई, दोन शब्दांचा प्रश्न आहे. पदवी हातात घ्या, पुस्तक छापताना पुन्हा हवं ते करा.’

मी दोन दिवस इचार केला. खोटं काहून सांगू, पदवी मले पाह्यजे. लय पाह्यजे. आपल्या वस्तीतून गोष्टी लिहून पदवी घेनारं अजून कोनी नाई. शाळेत जानराव हेडमास्तर सगळ्याईले सांगून बसले, आमची बाई लेखिका होऊन राह्यली. रंगूबाईनं तं गावभर केलं. नापास झाली तं तोंड कुठी लपवू? एका कागदावर मी बदल करूनही पाह्यला. ‘पोरगा पेपर देत असेल. देऊ द्या त्याला.’

मायले वाचून दाखवलं. थे म्हने, ‘हे कोन बोललं?’

म्हनलं, ‘बा.’

‘हा तुहा बा नोय. हा कोनी साह्यब हाय.’

झालं मंग. कागद चुलीत घातला. बाचं शेवटचं बोलनं एवढंच हाय आपल्याजवळ, दादा. थे एकदा तारघरात बदललं, त्याचं काय झालं तू पाह्यलं. आता मह्याच हातानं बदलू? सरांले कळवून टाकलं, पानं जशी हायेत तशीच राह्यतीन. इचाराचं असन थे तोंडी परीक्षेत इचारा.

तुले शुद्ध मराठी काहून पाह्यजे, थेही मले समजते. तुह्या हाफिसात तू तोंड उघडलं की लोक तुह्याकडे पाह्यत असतीन. तू जीभ घासून-घासून थे मिळवलं. मी त्याले नावं ठेवत नाई. पन आपल्या जिभेनं बाले मारलं नाई. थे तेवढं डोक्यातून काढ.

पंचफुला


चिखलदरा
१४ मे १९७८

दादा,

आज तोंडी परीक्षा झाली. बेबीताई बाहेर बाकड्यावर बसली होती, मह्या नावानं थेच जास्त भेली होती. तिचं काल झालं, बरं गेलं.

आत सर होते अन् बाहेरचे परीक्षक. परीक्षक म्हातारे, बारीक आवाजाचे. बाकीच्या कथाईवर त्याईनं चांगलं इचारलं, एका कथेतल्या सासूबद्दल तं हसलेही. मंग तारेची कथा काढली. म्हने, ‘अट कळवली होती. तुम्ही बदल केला नाही.’

म्हनलं, ‘नाही केला.’

‘का? हे वाक्य वाचून पुढचं पान उलटेपर्यंत मला कळलंच नाही. बा मरून राह्यला. म्हणजे वारला होता, की जिवंत होता?’

म्हनलं, ‘सर, हाच प्रश्न त्या दिवशी तारघरातल्या बाबूनं मले इचारला असता, तं ही कथाच झाली नसती. तुमी इचारलं. त्यानं नाई इचारलं. त्याले वाटलं आपल्याले समजलं.’

सर टेबलावरच्या पेनाकडे पाहून राह्यले. परीक्षक म्हने, ‘पण पुस्तकाच्या प्रत्येक वाचकाजवळ तुम्ही बसलेल्या नसणार.’

म्हनलं, ‘नाई. म्हून त्याले आधी चुकू द्याचं. बाबू चुकला तसं. मंग पुढच्या पानावर बा जिवंत दिसते अन् वाचनारा दचकते. शब्द बदलला तं कोनी चुकनार नाई, अन् कोनी दचकनारही नाई.’

त्याईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. हो म्हने ना नाई म्हने. ‘या तुम्ही,’ एवढंच. बाहेर आली. बेबीताईनं इचारलं, काय झालं. म्हनलं, मले मालूम नाई, पन बोलली मी. निकाल जूनमधी टपालानं येईन.

नापास झाली तं पुढच्या वर्षी परत बसन. तसंच लिहीन. एवढं तुले सांगून ठेवते.

पंचफुला


आसेगाव
२५ जून १९७८

दादा,

हे पत्र मी टपालात टाकनार नाई. तुह्या हाती देईन. पन लिहाची सवय लागली, लिहिल्याबिगर राहवत नाई.

सोमवारी निकाल आला. उत्तीर्ण. दुसरा वर्ग. खाली परीक्षकांच्या हाताचा शेरा हाय: ‘भाषा अनेक ठिकाणी अशुद्ध. तारेच्या कथेतील वाक्ये मात्र आहेत तशीच ठेवावीत.’ मी थो शेरा वाचला, परत वाचला, अन् मंग पयले हसली का पयले रडली, थे मायले इचार. जानरावांनं शाळेत पेढे वाटले. रंगूबाई म्हने, ‘आता मह्या गोष्टीईलेही एखांदा वर्ग देजो वं.’

अन् काल तुहं कार्ड आलं. साडेपाच वर्षांत पयलं. टपालवाल्यानं शाळेतच देल्लं, मी चौथीले कविता शिकवून राह्यली होती. पत्त्याचं अक्षर पाह्यलं अन् खडू हातातच राह्यला. उलटून पाह्यलं तं बाकी काहीच नाई. ना जयभीम, ना तारीख. एवढंच:

‘पंचफुला, बाचं वाक्य वाचलं. मी येऊन राह्यलो.’

दादा, तूच लिहिलं ना रे हे? खाडाखोड नाई, काही नाई. पुण्याच्या शाईनं.

साताऱ्याचे गुरुजी बाजूले उभे होते. म्या कार्ड त्याईच्याकडे केलं. त्याईनं वाचलं. दोन वर्षं झाली त्याईले या शाळेत, पोरांनं शिकवून-शिकवून थकवलं. गुरुजी म्हने, ‘अजून आले नाहीत. पण निघालेत, वाटेत आहेत. बरोबर ना, बाई?’ म्हनलं, ‘बरोबर, गुरुजी.’ अन् मंग पोरांसमोरच रडली.

कोनती गाडी थे तू लिहिलं नाई, तुही जुनी खोड हाय. अकोल्याहून येनाऱ्या हरेक गाडीले जऊळक्याच्या ठेसनावर मी उभी राहीन. शाळेतून सुट्टी काढली. आल्यावर मह्याशी भांडाचं असन तं भांडजो, पन वऱ्हाडीत भांडजो, पुनेरीत मले लवकर जवाब सुचत नाई.

माय सकाळपासून वस्तीत फिरून सांगून राह्यली, महा इंद्रभान येऊन राह्यला. या खेपेले कोनीच चुकीचं समजलं नाई.

तुही,
पंचफुला